हँडलवरचा हात

रघूत्तमला सायकलीची भीती वाटायची. रस्त्यावरून धावणाऱ्या सायकलीची नव्हे. ती अंगाला घासून गेली तरी त्याला काही व्हायचं नाही. पण कुणी सायकल उचलली, गटार ओलांडायला किंवा ओट्यावर चढवायला ती खांद्यावर घेतली, की त्याच्या पायांतलं बळच जायचं. एकदा कुंभकोणमच्या भर बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानदारानं आपली सायकल उचलून पायऱ्यांवर नेली, आणि समोरून येणारा रघूत्तम होता तिथेच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसला. लोक जमले. कुणी सोडा आणला, कुणी म्हणालं ऊन लागलं. त्यानं सगळ्यांना मान हलवून होकार दिला आणि भिंत धरून धरून घरी आला.

घरातल्यांना खरं कारण ठाऊक होतं. त्याची मुलगी तुळसी शाळेत सायकलनं जायची. दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि सायकल आत घ्यायची तर उचलावीच लागायची, म्हणून ती कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे सायकल ठेवून चालत घरी यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, आणि घरात त्यावर कुणी बोलतही नसे.

मूळचा हा माणूस भित्रा नव्हता. वडील आडुतुरैच्या भातगिरणीत कारकून. रोज सकाळी ते पॅसेंजरनं जायचे आणि लहानगा रघूत्तम त्यांना पोचवायला स्टेशनावर जायचा, तो गाडी सुटल्यावरही तिथेच रेंगाळायचा. पुढे ऐंशी साली तो रेल्वेत फायरमन म्हणून लागला. इंजिनाच्या तोंडाशी उभं राहून कोळसा फेकायचा, भुवया जळायच्या, आणि सुट्टीत घरी आला की आई त्याचे हात बघून डोळ्याला पदर लावायची; हा मात्र हसायचा. काही वर्षांनी परीक्षा देऊन तो मद्रासच्या विजेच्या गाड्यांवर मोटरमन झाला. समुद्राकाठच्या स्टेशनापासून तांबरमपर्यंत आणि तांबरमहून परत. ऑफिसात जाणारी माणसं, कॉलेजातल्या पोरी, कोळणींच्या पाट्या. सगळं मद्रास त्याच्या पाठीशी भरलेलं असायचं आणि समोर दोन रूळ. इन्नंबूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, वेदवतीशी, त्याचं लग्न झालं. मद्रासमध्ये क्वार्टर मिळालं. तुळसी झाली. दहा वर्षं गाडी धरली, कुणाचं बोटसुद्धा चिरडलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात एका दुपारी पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ जरा वळतात, तिथे पलीकडच्या लाइनीवरून एक एक्सप्रेस धडधडत चालली होती. तिची वाट बघत एक माणूस उभा होता, खांद्यावर सायकल. एक्सप्रेस गेली की पलीकडे जावं, एवढाच त्याचा विचार असणार. पण तो उभा होता तो रघूत्तमच्या रुळांमध्ये.

विजेच्या गाडीचं हँडल चालू गाडीत दाबून धरावं लागतं. मोटरमनचा हात सुटला, तो बेशुद्ध पडला, मेला, तरी गाडीला आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे थांबवायला काही करायचं नसतं, नुसता हात सोडायचा. रघूत्तमनं हात सोडला. पण त्याआधी एक श्वासभर त्यानं दुसऱ्या हातानं भोंगा दाबला. असं तो रोजच करायचा. दिवसाला कितीतरी माणसं अशी आडवी येत आणि भोंगा वाजला की बाजूला होत. हाही होईल असं त्याला वाटलं. एक्सप्रेसच्या आवाजात त्या माणसाला भोंगा ऐकूच गेला नाही. मग हात सुटला, ब्रेक लागले, चाकं किंचाळली, आणि अगदी शेवटी त्या माणसानं मान वळवली. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. मागून कुणी हाक मारली तर माणूस ज्या तऱ्हेनं बघतो, तसं त्यानं बघितलं.

गाडीच्या शेवटच्या डब्यात मणी नावाचा गार्ड होता. खाली उतरून जे बघायचं ते त्यानं बघितलं. रघूत्तम जागचा हलला नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "माणूस दिसल्याबरोबर ब्रेक लावलात?" रघूत्तम म्हणाला, "लावला." साहेबांनी मान डोलावली, दोष त्याचा नाही असं ठरलं आणि पुन्हा कामावर जायला सांगितलं. तो गेला. पण त्याचा हात आता हँडलवर राहीना. रुळाजवळ बकरी दिसली, वाऱ्यानं कागद उडाला, तरी हात आपसूक सुटायचा आणि गाडी हिसका देऊन थांबायची. डब्यांतली माणसं एकमेकांवर पडायची, खिडक्यांतून शिव्या द्यायची. एका सकाळी तो केबिनमध्ये चढला, हँडलकडे बघत उभा राहिला आणि तसाच खाली उतरला. डॉक्टरांनी रजा लिहून दिली. बिऱ्हाड कुंभकोणमला, वडिलांच्या मागे रिकाम्या पडलेल्या घरात आलं.

त्या श्वासाबद्दल त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. वेदवतीलाही नाही.

लग्नाआधीच वेदवतीनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. त्या आता कामी आल्या. महामहम तळ्याजवळ, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर वैद्यनाथ नावाच्या तरुणानं कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं, तिथे ती शिकवायला जाऊ लागली. चार यंत्रं, थंड हवेची एक खोली, चपला बाहेर काढायच्या. दुपारी रघूत्तम तिचा जेवणाचा डबा घेऊन जायचा, ती जेवेपर्यंत बाकावर बसायचा आणि डबा घेऊन परत यायचा. दिवसातून तेवढंच त्याचं बाहेर पडणं.

वैद्यनाथला त्याच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच, की हे रेल्वेतले, गाडी चालवणारे, आजारी म्हणून रजेवर आलेले. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो मद्रासहून सामान घेऊन आला, त्यात खेळांची एक सीडीही होती. वेदवती आतल्या खोलीत जेवत होती. वैद्यनाथनं बाकावरच्या रघूत्तमला हाक मारली.

"सार, या की इकडे. तुमचीच गाडी आणलीय."

पडद्यावर रूळ होते. दोन्ही बाजूंना घरं, तारांचे खांब, लांबवर एक स्टेशन. देश कुठला कोण जाणे, पाट्यांवरची अक्षरं ओळखू येत नव्हती. पण मोटरमनच्या केबिनच्या काचेतून दिसावं तसं सगळं दिसत होतं. ऑफिसला जाणाऱ्या माणसांची गाडी, दर दोन मिनिटांनी स्टेशन, वेळेवर पोचायचं आणि फलाटावरच्या खुणेशी नेमकं थांबायचं, असा तो खेळ होता.

"हे बटण दाबलं की वेग, हे दाबलं की ब्रेक," वैद्यनाथ म्हणाला. "मी तर दर वेळी फलाट सोडून पुढेच जातो."

रघूत्तमला उठून जायचं होतं. पण वैद्यनाथनं बटण दाबून टाकलं होतं, गाडी सुटली होती, आणि सुटलेल्या गाडीत केबिन सोडून जाणं त्याच्या अंगात नव्हतं. तो खुर्चीवर बसला. स्टेशन जवळ आलं. फलाटावर माणसं होती. माणसं कसली, रंगीत ठिपके, हात नाहीत की तोंडं नाहीत. एकेक ठिपका कडेशी उभा होता. यांतला कुठला पुढे पाऊल टाकेल? डावीकडचा? खांबाआडचा? रघूत्तमच्या कानात रक्त वाजू लागलं. त्यानं ब्रेक लावला, गाडी खुणेशी थांबली आणि वैद्यनाथनं टाळी वाजवली.

"पहिल्याच वेळी! वेदवतीअम्मा, बघायला या!"

वेदवती उष्ट्या हातानं दारात आली. थंडगार खोलीत नवऱ्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तिनं पडद्याकडे बघितलं आणि यंत्राचं बटणच बंद केलं.

"हे परत त्यांना दाखवू नको," ती वैद्यनाथला तमिळमध्ये म्हणाली, आणि घरी येताना रघूत्तमला आपल्या घरच्या, तंजावरकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "कशाला बसलात तुम्ही?"

"गाडी सुटली होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन लवकर गेला आणि आपणहून वैद्यनाथला म्हणाला, "ती गाडी लाव."

मग हे रोजचंच झालं. वेदवतीनं आधी विरोध केला, मग गप्प बसली. कारण घरात तो भिंतीकडे बघत पडून राहायचा, आणि इथे निदान डोळे उघडे ठेवून बसायचा. त्याला त्यात गंमत वाटत नव्हती हे तिला कळत होतं. खेळणाऱ्या पोरांची तोंडं ती रोज बघायची. रघूत्तमचं तोंड तसं नसायचं. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या माणसासारखं असायचं.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की तो स्टेशनांवर थांबतच नाही. एकाच जागी जातो, तिथे काहीतरी करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून खेळ सुरू करतो. एक रस्त्याचा पूल होता, त्याच्या खालून गाडी बाहेर यायची. पुढे बऱ्याच अंतरावर रुळाच्या कडेला हिरवी पाटी होती. पुलाखालून बाहेर पडताच तो ब्रेक लावायचा आणि त्या पाटीकडे बघत राहायचा. गाडी पाटी ओलांडून पुढे जाऊन थांबायची. मग तो कपाळ पुसायचा. पुन्हा तेच.

एका रविवारी सेंटरमध्ये कुणी नव्हतं. वैद्यनाथ कोपऱ्यात एक यंत्र उघडून बसला होता. वेदवतीनं स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

"त्या पाटीपाशीं काय आहे?"

त्यानं बटणावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "तो उभा आहे."

वेदवती पुढे वाकली. पाटीपाशी काहीच नव्हतं.

"मला दिसला तेव्हां तो एवढ्याच लांब होता," रघूत्तम म्हणाला. "पुलापासून पाटीपर्यंत. मी भोंगा वाजवला, वेदवती. हात सोडायच्या आधीं. एक श्वास घालवला मी. साहेबांना सांगितलें, दिसल्याबरोबर लावला म्हणून. तो श्वास घालवला नसता तर गाडी थांबली असती कां, तें बघतों आहे. ही परक्या देशाची गाडी. हिचे ब्रेक माझ्या गाडीपेक्षां चांगलेच असतील, वाईट नसतील. ही थांबली नाहीं तर माझीही थांबली नसती."

"मग थांबत नाहीं ना?"

"नाहीं. पण पूल येणार हें मला ठाऊक असतें. त्या दिवशीं काय ठाऊक होतें? याला अर्थ नाहीं."

वेदवतीनं पडद्याकडे बघितलं. तिला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे सांगता येत नव्हतं. गाडी थांबेल याची की थांबणार नाही याची? शेवटी ती म्हणाली, "तुम्ही पुलाकडे बघूं नका. मी बघतें. गाडी बाहेर आली की मी 'आतां' म्हणेन. मग लावा."

तसं सुरू झालं. तो मान खाली घालून बसायचा, बोट बटणावर. ती स्टुलावर, डोळे पडद्यावर. पूल जवळ यायचा, सावली पडायची, उजेड व्हायचा. "आतां!" बोट पडायचं. हिरवी पाटी मोठी मोठी होत यायची आणि सरकन मागे जायची. पहिल्यांदा ती गेली तेव्हा वेदवतीनं डोळे मिटून घेतले. तिलाही तो दिसला होता, खांद्यावर सायकल घेतलेला. मद्रासमध्ये असताना तिनं त्या माणसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आता स्टुलावर बसून ती त्याच्या अंगावरून पुन्हा पुन्हा जात होती. आठवडाभर हे चाललं. गाडी दर वेळी पाटी ओलांडून गेली. रघूत्तम रात्री दोन घास जास्त जेवू लागला.

आणि मग एके दिवशी गाडी थांबली. पाटीच्या अलीकडे.

वैद्यनाथ बाजूला येऊन बघत उभा होता. पाटी समोर उभी होती, एका हाताच्या अंतरावर असल्यासारखी. रघूत्तमनं वर बघितलं.

"थांबली," तो म्हणाला.

"अहो..."

"थांबते. बघ, थांबते." तो उठला, खुर्ची मागे पडली. चपला न घालताच तो जिना उतरून गेला.

वेदवती त्याच्यामागे धावली, पण खाली रस्त्यावर तो दिसेना. घरी गेली, कुलूप. घराजवळच्या मठात गेली, तिथे नाही. तळ्याच्या चारी बाजूंच्या पायऱ्या तिनं बघितल्या. मग तिच्या मनात स्टेशन आलं. मायवरमकडे जाणारी पॅसेंजर यायची वेळ झाली होती. रिक्षात बसून जाताना ती देवाचं नाव घ्यायला लागली तर नाव आठवेना. "चल बाबा, चल बाबा" एवढंच तोंडातून येत होतं. फाटकापाशी आली तेव्हा गाडीची शिट्टी ऐकू आली. तिकीट-बिकीट न काढता ती आत शिरली.

फलाटाच्या पार टोकाला सिमेंटच्या बाकावर तो बसला होता. दोन्ही हातांनी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. गाडी धडधडत आत आली. वेदवतीनं पळत जाऊन त्याला मागून मिठी मारली. लोक बघत होते. आयुष्यात कधी चारचौघांत तिनं नवऱ्याचा हात धरला नव्हता.

गाडी थांबली, माणसं चढली, उतरली, गाडी गेली.

"मी उठणार नव्हतों," तो म्हणाला. "उठूं नये म्हणून धरून बसलों."

ती त्याच्या समोर, खाली फलाटावरच बसली.

"ऐका. मी 'आतां' म्हटलें नव्हतें."

"म्हटलेंस."

"नंतर म्हटलें. तुमचें बोट आधीं पडलें. गाडी अजून पुलाखालीं होती. सावलींत होती. मी तोंड उघडायच्या आधीं तुम्ही ब्रेक लावलात. वैद्यनाथ बाजूलाच उभा होता, त्याला विचारा."

त्यानं बाकाची कड सोडली.

"माणूस दिसायच्या आधींच ब्रेक लावलात तुम्ही," ती म्हणाली. "तसें लावलें तर थांबेलच. पण दिसायच्या आधीं कोण लावतो?"

"तूं मला बरें वाटावें म्हणून सांगतेस."

"नाहीं हो. मी तुमच्याशीं खोटें कधीं बोललें?"

एका कुत्र्यानं येऊन त्याचे अनवाणी पाय हुंगले. मग तो म्हणाला, "पण तो श्वास. तो घालवला नसता तर गाडी जरा हळू झाली असती. हळू लागली असती त्याला. कदाचित वांचला असता."

"तें मला माहीत नाहीं," ती म्हणाली. "तें कुणालाच कधीं कळणार नाहीं. चला घरीं. तुळसी शाळेतून आली असेल, दाराला कुलूप आहे."

तो उठला.

वैद्यनाथला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो सार, तुम्ही घाई केलीत. मी तेव्हाच म्हणणार होतो." रघूत्तमनं दोनदा विचारून घेतलं. मग त्या यंत्रासमोर तो पुन्हा बसला नाही. वैद्यनाथनं सीडी कपाटात टाकली.

त्या वर्षी ऑक्टोबरात, तिकडच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, मणी आला. पट्टीश्वरमला देवीचा नवस फेडायला आलो म्हणाला, पण वाट वाकडी करून घरी आला ती विचारपूस करायलाच. धिप्पाड, बोलघेवडा माणूस. जेवण झालं, कॉफी झाली, पण तो काही त्या विषयावर येईना. शेवटी रघूत्तमनंच विचारलं, "मणी, तुला अजून त्या वळणावरून जावं लागतं?"

मणीनं पेला खाली ठेवला. "रोज. तिथे आलो की मी डोळे मिटून घेतो, बाबा. गार्ड असून. शेवटच्या डब्यात उभा राहून डोळे मिटतो. कुणाला सांगू नकोस."

रघूत्तमनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं बरोबर काम करूनही हा माणूस त्याला आजच भेटला होता. वर्षभर त्याला वाटत होतं की त्या जागेला आपण एकटेच भितो. पडवीत दोघं बसून राहिले. निघताना मणीनं सांगितलं की रजा आता फार झाली, साहेब लोक विचारतात. ये, नाही तर नोकरी सोड. रघूत्तम म्हणाला, "येतो."

जाऊ नका असं वेदवतीला म्हणायचं होतं. तिनं बिऱ्हाड बांधलं.

भीती गेली म्हणून तो परत गेला, असं नव्हतं. पहिल्या दिवशी केबिनमध्ये त्याच्या मागे एक इन्स्पेक्टर उभा होता. रघूत्तमनं हँडल दाबलं आणि गाडी सोडली. तिसऱ्या स्टेशनानंतर एक बाई डोक्यावर हंडा घेऊन रूळ ओलांडत होती. ती पार झालीसुद्धा होती, तरी त्याचा हात सुटला आणि गाडी मध्येच थांबली. रघूत्तमनं पुन्हा गाडी सुरू केली. त्या वळणावर तो आला तेव्हा त्यानं भोंगा दाबला तो वळण संपेपर्यंत सोडला नाही. रुळांवर चिटपाखरू नव्हतं. तांबरमला उतरून तो फलाटाच्या कडेला ओकला. मागच्या टोकापासून मणी सगळा फलाट चालत आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

असे काही महिने गेले. त्यानं रोज गाडी धरली. कुणाला काही झालं नाही. पण गाड्या उशिरा पोचायच्या, माणसं शिव्या द्यायची, आणि घरी आल्यावर तासभर त्याची बोटं उघडायची नाहीत. वेदवती कोमट पाण्यात ती एकेक करून सोडवायची. एका संध्याकाळी पाण्यातल्या आपल्या हाताकडे बघत तो म्हणाला, "मी हें करूं शकतों. पण आतां करणार नाहीं."

त्यानं साहेबांकडे जाऊन शेडमधलं काम मागितलं. शेडमध्ये गाड्या येतात, तिथे त्या धुतात, तपासतात. त्या रिकाम्या गाड्या या रुळावरून त्या रुळावर न्यायच्या. चालत्या माणसाच्या वेगानं. साहेब म्हणाले, "अहो, मोटरमन तुम्ही! लोक हसतील." काही जण हसलेही. एकानं तोंडावर विचारलं, "काय राव, घाबरलात?" रघूत्तम म्हणाला, "हो."

शेडमधल्या कामावर गेल्यापासून त्याला झोप लागू लागली. सगळ्या रात्री नव्हे, पण पुष्कळ.

नव्याण्णवच्या ऑक्टोबरात आयुधपूजेला शेडमधल्या लोकांनी आपापल्या बायकामुलांना बोलावलं. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. गाड्यांना झेंडूच्या माळा, चंदनाचे ठसे, केळीचे खांब. वेदवती आणि तुळसी नव्या साड्या-परकरांत आल्या. तुळसी मणीच्या मुलींबरोबर चुरमुरे खायला पळाली. रघूत्तमनं वेदवतीला केबिनमध्ये चढवलं. इतकी वर्षं मोटरमनची बायको, पण ती तिथे कधी चढली नव्हती.

काचेतून तिनं समोर बघितलं आणि ती एक पाऊल मागे सरली. पडद्यावर सगळं लांब आणि सपाट दिसायचं. इथे रूळ थेट पायांखालून निघत होते.

"एवढें जवळ दिसतें?"

"एवढें जवळ."

खाली पुजाऱ्यानं चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती चिरडत गाडी दोन हात पुढे न्यायची असते. पण पुजारी अजून रुळांमध्येच उभा राहून कापूर ओवाळत होता, आणि त्याच्याभोवती पाच-सात माणसं. रघूत्तमनं हँडलवर हात ठेवला. वेदवतीनं त्याचा सदरा मुठीत धरला.

"अहो, माणसें आहेत पुढें!"

"दिसतात मला," तो म्हणाला.

तिची मूठ सुटेना. आरती संपली. पुजारी बाजूला झाला. मग बाकीचे हसतखिदळत एकेक करून रुळांतून बाहेर गेले. एक म्हातारा फिटर खाली पडलेलं फूल उचलायला परत वाकला, रघूत्तम थांबला. म्हातारा गेला. तरी त्यानं भोंगा वाजवला, काचेला कपाळ टेकवून डावीउजवीकडे खाली बघून घेतलं, आणि मग हँडल दाबून गाडी हळूच पुढे घेतली.